प्रतीक्षेत : एक

श्रीरंग देवतळे एका दगडाबद्दल चुकला आणि वैजयंतीच्या हातातलं फडकं थांबलं.

एप्रिल लागला होता. कूलरला नवी खस भरून झाली होती, तिचा ओला वास हॉलभर होता. वैजयंती काचेच्या कपाटातले दगड एकेक काढून फडक्याने पुसत होती. श्रीरंग खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून तिच्याकडे पाहत होता. भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक निवृत्त होतो, त्याचे दगड होत नाहीत. त्यातलाच एक जड, काळपट तांबडा गोळा उचलून तिने सहज विचारलं, "हा कुठला रे?"

"मनसरचा," श्रीरंगच्या गळपट्टीतून उत्तर आलं. आवाज त्याचाच, भारदस्त, शेवटचा शब्द किंचित खाली ठेवणारा.

तिने गोळा उलटा केला. खाली चिकटपट्टीवर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : सुरजागड.

माणूस विसरतो, आजारी माणूस जरा जास्त विसरतो. एवढ्यावर सोडून द्यायला हरकत नव्हती. पण त्या दगडाला मनसरचा म्हणायची खोड वैजयंतीची होती. लग्न झाल्यापासून ती तशी चुकत आली होती आणि दर वेळी श्रीरंग चष्मा पुसत सावकाश म्हणायचा, "वैजू, मनसरला तू आली होतीस. हा नव्हता आला." इतक्या वर्षांत त्याचं हे वाक्य बदललं नव्हतं आणि तिची चूकही. आज तिची चूक त्याच्या आवाजात बोलली होती.

तिने वर पाहिलं. श्रीरंगने उजव्या हाताची तर्जनी उचलून धरली होती. हे तो बरेच महिने करत होता. हाताला कंप सुटलाय, आजार पुढे सरकतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण हात कापत नव्हता. बोट सरळ, स्थिर उभं होतं. फार वर्षांपूर्वी डोंगरात खडक निरखताना बायको मध्येच बोलायला लागली, की तो मान न वळवता असंच बोट वर करायचा.

थांब.

*

श्रीरंगला वाचाघात झाला होता. एका झटक्यात होणारा तो नव्हे, हळूहळू वाढत जाणारा. ऐकलेलं सगळं कळायचं, मनात अर्थ उमटायचा, पण त्या अर्थाला शब्द सापडायचा नाही. लिहायला बसलं तरी तेच; हात तयार, शब्द गायब. दोन वर्षांत त्याची वाक्यं आखडून शब्दांवर आली आणि शब्द हुंकारांवर.

त्याच सुमारास 'सहवाचा' निघाली. मेंदूत जिथे अर्थ जुळतो त्या भागावर केसाहून बारीक तारांची जाळी बसवायची. ती अर्थाचा आराखडा पकडते. शब्द तिला पकडता येत नाहीत, कारण तेच तर हरवलेले असतात. ते शब्दकोशातून आणले तर माणूस सरकारी परिपत्रकासारखा बोलू लागतो. म्हणून ते आणायचे त्याच्यासोबत जन्म काढलेल्या माणसाकडून. जोडीदाराने कानामागे एक चपटी चकती लावायची. घरातली एक डबी दोघांचे संकेत वाचते, तो जे म्हणू पाहतो त्याच्या आसपासचे शब्द जोडीदाराच्या मनातून वेचते आणि त्याच्यापुढे ठेवते. तो त्यातले निवडतो. गळपट्टी ते त्याच्या जुन्या आवाजात बोलून दाखवते.

दिवाळीआधी डबी बसवली तेव्हा वाचोपचारतज्ज्ञ डॉक्टर फुलझेले यांनी वैजयंतीला एक प्रश्न विचारला होता. सर निवड करायला वेळ घेतील, किती थांबायचं? तेवढ्या वेळात निवड झाली नाही तर डबी वैजयंतीच्या बाजूने अंदाज बांधते आणि बोलून टाकते. नको असेल तर ही सोय बंदही ठेवता येते.

"बंद काहून? सगळ्यात कमी ठेवा," वैजयंती म्हणाली.

"इतकं कमी? तुमची खात्री आहे?"

"मॅडम, शांतता म्हणजे बिघाड. आमच्याकडे तरी."

आमच्याकडे म्हणजे वीजपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात. तिथे तिची सगळी नोकरी गेली. मुख्य यंत्र डोळ्याची पापणी लवेपर्यंत जरी गप्प झालं, तरी शेजारचं राखीव यंत्र सूत्रं हातात घेतं. नाही घेतली तर अर्धा विदर्भ अंधारात जातो. राखीव यंत्र किती चटकन उठतं, यावर त्या कक्षातली माणसं एकमेकांची लायकी ठरवत. नवऱ्याच्या बोलण्यालाही वैजयंतीने तोच नियम लावला आणि भिंतीत लावलेलं बटण विसरावं तशी ती ते विसरून गेली.

दिवाळीला आलेले पाहुणे थक्क झाले. श्रीरंग पहिल्यापेक्षाही फटाफट बोलतो, म्हणाले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चष्मा पुसल्याशिवाय एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तो फटाफट बोलत होता. कोणाला खटकलं नाही. बायकोलासुद्धा.

*

दुपारी श्रीरंगला डुलकी लागल्यावर वैजयंतीने डबीला जुना कळफलक जोडला. नियंत्रण कक्षातली बाई म्हणून तिला दवाखान्याने डबीच्या आत शिरायची मुभा दिली होती. आजवर तिची गरज पडली नव्हती. काळा पडदा उजळला. तिने आय-पी-सी-एस ही चार अक्षरं टाइप केली. हात आपोआप चालला. यंत्र अडकलं की आधी हेच विचारायचं, असं तिने कित्येक नवशिक्यांना शिकवलं होतं : कोणी काय धरून ठेवलंय आणि कोण कोणासाठी खोळंबलंय.

डबीत दोन प्रोग्रॅम चालत होते, एक त्याचा, एक तिचा. एकाच यंत्रावरचे दोन प्रोग्रॅम म्हणजे शेजारची दोन बंद घरं; एकाला दुसऱ्याच्या घरात डोकावता येत नाही. त्यांना एकमेकांशी काम पडलं तर यंत्र तीन सोयी करून देतं. पहिली, सामाईक स्मृती. दोन घरांमधली एक ओसरी, जिथे दोघांनीही वस्तू ठेवायच्या, दोघांनीही उचलायच्या. दुसरी, ओसरीची किल्ली. ती एकच असते. जो ती घेईल तो आत, दुसऱ्याने दाराशी उभं राहायचं. आणि तिसरी, निरोपांची रांग. एका टोकाने निरोप टाकायचा, दुसऱ्या टोकाने काढायचा. जो आधी आला तो आधी निघतो. काढला की रांगेतून गेला, पुन्हा मिळत नाही. ही आज्ञा या तिन्हींचा तक्ता समोर मांडते.

सामाईक स्मृती : जोडलेले प्रोग्रॅम दोन. म्हणजे श्रीरंगचा प्रोग्रॅम जिवंत होता. तिने सुटकेचा श्वास घेतला. शेवटचा हात कोणाचा लागला, हे तिने विचारलं. तिचा. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. पुन्हा तिचाच.

किल्ली : प्रतीक्षेत एक.

तिची नजर तिथेच खिळली. त्याचा प्रोग्रॅम दाराशी उभा होता. पाळी मागत होता आणि प्रत्येक वेळी वेळ संपून मागे ढकलला जात होता. कारण प्रत्येक वेळी किल्ली तिच्या बाजूने आधीच उचललेली असे. त्याला उत्तर जुळवायला जेवढा वेळ लागायचा, त्याच्या कितीतरी आधी ती त्याच्या वतीने बोलून मोकळी झालेली असे.

सगळ्यात खाली निरोपांची रांग होती. ती रिकामी असायला हवी होती. तिच्यात शेकडो निरोप पडून होते. एकही कोणी उचलला नव्हता.

*

"उशिरा आलेली उत्तरं आहेत ती," डॉक्टर फुलझेले फोनवर म्हणाल्या. त्यांनी दवाखान्यातून तोच तक्ता उघडला होता. "सरांची निवड मुदतीनंतर पूर्ण झाली की डबी ती फेकत नाही, रांगेत टाकते. पण प्रश्नाचं उत्तर तर दिलं गेलेलं असतं. मग ती काढणार कोण?"

"म्हणजे गेले सगळे महिने तो बोलून राहिला होता."

"हो."

"आणि मी?"

"तुम्ही भराभर बोलत होता, वैजयंतीताई. त्यांच्या गळ्यातून."

मग त्यांनी जे सांगितलं ते तिने उभ्याने ऐकलं. अंदाजाने बोलून टाकायची ती राखीव सोय आता बंद करायची. ती बंद झाली की गळपट्टीवर फक्त श्रीरंगचा हक्क राहील. पण डबी आधी रांग उपसायला घेईल, पहिल्या निरोपापासून. प्रत्येक निरोप त्याच्यापुढे येईल, त्याने होकार दिला की बोलला जाईल. दिवसाकाठी त्याला मोजकी वाक्यं झेपतात आणि आजार थांबलेला नाही. या गतीने रांग संपायला पावसाळा उजाडेल आणि पुढे कितीसं बोलणं उरलं असेल, सांगता येत नाही.

"म्हणून माझा सल्ला, रांग पुसून टाका. एक आज्ञा लागते, तुम्हाला माहीतच आहे. सर आजच्या प्रश्नापासून सुरू करतील. जे बोलणं शिल्लक आहे ते शिळ्या उत्तरांवर का घालवायचं?"

"मधलाच एखादा निरोप काढता नाही येत?"

"या डबीत सगळ्यांवर एकच शिक्का आहे, एक निरोप दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. रांग मोडून हात घालता येत नाही. कोणता हवाय तुम्हाला?"

वैजयंतीने फोन ठेवला.

*

संक्रांतीला सावनी आली होती. त्यांची एकुलती एक मुलगी. बापाच्या पावलावर पाऊल टाकून तीही भूगर्भशास्त्रातच गेली आणि डेहराडूनला शिकवत होती. तिला तिथे बैठं घर मिळालं होतं. रात्री जेवणं झाल्यावर ती बापाच्या खुर्चीशी खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, माझ्याकडे याल? अगदी राहायला. तळमजला आहे, पायऱ्या नाहीत. मागच्या दारातून हिमालयातली खडकांची घडी दिसते. तुम्ही मला आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवली ना, तीच."

वैजयंती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिच्या मनात आलं, हा कसा जाईल? मी आहे ना.

"मी कसा येणार? वैजू आहे ना," गळपट्टी म्हणाली.

बोट तेव्हाही वर झालं होतं. सावनीला वाटलं, बाबा विषय थांबवताहेत. ती उठून आत गेली. सकाळी निघताना पाया पडली, पण बापाच्या डोळ्यांत पाहिलं नाही. वैजयंतीला मात्र त्या रात्री शांत झोप लागली होती. इतक्या वर्षांत न मिळालेली पावती मिळाली, असं तिला वाटलं होतं.

आता कळलं, पावती तिनेच फाडली होती, स्वतःच्या नावाने.

तिने पुसण्याची आज्ञा टाइप केली. रांगेचा क्रमांक घातला. डॉक्टरांचा सल्ला होता. औषधाची गोळी द्यावी इतकं निर्मळ काम होतं. पुसून टाकलं की संक्रांतीला तिने श्रीरंगच्या तोंडी घातलेलं उत्तरच कायम राहणार होतं आणि कोणी कधी विचारणार नव्हतं.

नियंत्रण कक्षात एक नियम होता. कोणी प्रतीक्षेत असेल तर हात लावायचा नाही, साहेबांनी सांगितलं तरी नाही. वैजयंतीने तो कधी मोडला नव्हता. तिने मागे वळून पाहिलं. श्रीरंग जागा झाला होता आणि पडद्याकडे पाहत होता. त्याला त्यातलं काही कळत असेल का, कोण जाणे.

तिने आज्ञा खोडली आणि राखीव सोय बंद केली.

*

पहिलं वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. वैजयंती फोडणी देत होती.

"चिवडा खवट आहे."

घरात चिवडा नव्हता. ती कढईसमोर उभी राहून आठवत राहिली आणि मग तिला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दिवाळीतला चिवडा. गळपट्टीने तेव्हा त्याची तोंडभर स्तुती केली होती.

मग एकेक येत गेलं. हा स्वेटर टोचतो. टीव्हीचा आवाज कमी कर. तुझ्या भावाला माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलू नको म्हणावं. कधी प्रश्न आठवायचा, कधी नाही. दोन वाक्यांमध्ये प्रहर जायचे. वैजयंतीला ती शांतता सोसायची नाही. ती भांडी घासलेली पुन्हा घासायची, कूलरमध्ये गरज नसता पाणी भरायची. वाक्य आलं की हातातलं टाकून धावायची. आजच्या प्रश्नांना उत्तरं नव्हती. जेवण वाढू का, विचारलं तर तो मान हलवायचा. बोलायचा तो मागच्या हिवाळ्यातलं.

एक प्रश्न ती विसरली नव्हती. डिसेंबरात, त्याचे पाय चेपताना, तिने विचारलं होतं, "माझं काही चुकत तर नाही ना रे?" तेव्हा गळपट्टी म्हणाली होती, "तुझं कधी चुकतं?" आणि तिने ते बहिणीला फोन करून सांगितलंही होतं.

मे महिन्याच्या एका दुपारी खरं उत्तर आलं. ते तुटक होतं. त्याने शब्द फार वेचून घेतले असावेत.

"तू थांबत नाहीस. चाळीस वर्षं... माझं वाक्य... तूच संपवतेस."

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहिली. पुढे काही येईल म्हणून वाट पाहिली. काही आलं नाही. त्याने हात पुढे करून तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो राग होता की माया, हे तिला ठरवता येईना.

त्या संध्याकाळी तिने सावनीला फोन केला. रांगेतला डिसेंबर संपत आला होता. पुढची पाळी संक्रांतीची होती.

*

सावनी तिसऱ्या दिवशी पोहोचली ती मोठी बॅग घेऊन. आईने सगळं सांगेपर्यंत ती पन्ह्याचा पेला हातात धरून बसली, प्यायली नाही.

"म्हणजे बाबा नाही म्हणालेच नव्हते?"

"काय म्हणाले ते माहीत नाही. रांगेत आहे."

"पण नाही कोण म्हणालं ते तर माहीत आहे ना."

वैजयंतीने तिच्या हातातला भरलेला पेला काढून घेतला.

"आई, तू माझ्याशी बाबांच्या आवाजात बोललीस." सावनी आवाज न चढवता बोलत होती. "मी चार महिने त्या माणसावर रागावले गं. वाढदिवसाला फोन नाही केला. ते उत्तर ऐकलं आणि परत जाऊन चिलीचा करार सही केला. तांब्याच्या खाणीवर, तीन वर्षांचा. मला वाटलं, इथे कोणाला माझी गरज नाही."

"आता रद्द नाही होत?"

"घर सोडलं. सामान देऊन टाकलं. सोमवारी विमान आहे. तुला हे कळलं एप्रिलमध्ये. तेव्हा काहून नाही बोलावलंस?"

वैजयंतीकडे उत्तर होतं. तिला आधी स्वतःच्या प्रश्नाचं ऐकायचं होतं. आणि त्याहून आतलं कारण असं, की ते पुढचं उत्तर येऊच नये, असं तिला रोज सकाळी वाटत होतं. यातलं ती काहीच बोलली नाही.

"बोल ना. आता काहून गप्प? शांतता म्हणजे बिघाड ना?"

श्रीरंग आतल्या खोलीत झोपला होता, यातलं काही त्याच्या कानावर गेलं नव्हतं.

शनिवार गेला. तिळगूळ कडक झाल्याची तक्रार आली तेव्हा मायलेकी एकमेकींकडे पाहून एकाच वेळी म्हणाल्या, "जवळ आलं." सावनीला हसू आलं आणि आल्याचा तिला रागही आला. रविवारी दुपारी त्या कूलरवरून वाद घालत होत्या. पंप आवाज करतो, बदलायचा की नाही, इतका साधा वाद. उद्याबद्दल बोलायचं टाळण्यासाठी दोघींना तो पुरत होता.

"येतो."

दोघी थांबल्या.

श्रीरंगचे डोळे मिटलेले होते, कपाळावर आठ्या होत्या. पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की सावनीने आईचा हात घट्ट धरला.

"पायऱ्या नाहीत म्हणालीस ना? मग येतो. माझी हातोडी घे." पुन्हा मोठी शांतता. "ती घडी... एकदा हाताने पाहायची आहे."

त्याने डोळे उघडले आणि मुलीकडे पाहून हसला. संक्रांतीची रात्र त्याच्यासाठी आत्ता चालू होती. मुलगी पायाशी बसली होती, प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत होती आणि एकदाचं त्याला उत्तर देता आलं होतं.

सावनीला त्याच्यासारखं थांबता आलं असतं. खरं काय ते जुळवायला वेळ घेता आला असता. पण ती वैजयंतीचीही मुलगी होती.

"हो बाबा," ती लगेच म्हणाली. "नाहीत पायऱ्या. मी पुढे जाते, घर लावते, मग तुम्हाला न्यायला येते."

वैजयंतीचं बोट आपोआप वर उचललं गेलं. सावनीने ते पाहिलं. आणि दोघींनीही पाहिलं नसल्यासारखं केलं.

*

सोमवारी सावनी गेली. श्रीरंगने कपाटाखालच्या खोक्यातून आपली हातोडी काढून घेतली. दांड्यावरचं चामडं सुटलं होतं. ते त्याने अंगठ्याने दाबून बसवलं आणि हातोडी मांडीवर ठेवून दाराकडे तोंड करून बसला. खुर्ची त्याने स्वतः वळवली होती.

उरलेली रांग जून-जुलैत उपसली गेली. फेब्रुवारीचा पेपर, मार्चमधला पंखा, होळीची पुरणपोळी. पुरण छान झालं होतं म्हणे. एका संध्याकाळी सुरजागड हा एकच शब्द आला आणि मागोमाग, "वैजू, मनसरला तू आली होतीस." तिने तो दगड त्याच्या हातात दिला. त्याने तो चाचपला आणि परत केला. हातोडी मात्र सोडली नाही.

ऑगस्टमध्ये तो पहिल्यांदा त्या दिवशीचं बोलला. जुनं उत्तर नव्हतं ते. प्रश्न होता.

"सावनी कधी येते?"

वैजयंती भाजी निवडत होती. तिच्या हातात सगळं होतं. राखीव सोय पुन्हा चालू करायला एक ओळ लागली असती. मग श्रीरंगने विचारण्याआधीच त्याच्या गळ्यातून, त्याच्याच आवाजात, येईल हो, घर लागायला वेळ लागतो, असं काहीतरी निघालं असतं. हातोडी एक दिवस खोक्यात परत गेली असती. सगळ्यांना बरं पडलं असतं. सावनी दर रविवारी चिलीहून फोन करून हळूच विचारायची, "बाबा विचारतात का गं?" तिलाही.

वैजयंती उठून त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली. पहिल्या वाक्याला तिला नेहमीपेक्षा फार वेळ लागला.

"श्रीरंग, ती येणार नाही. ती चिलीला गेली आहे, तीन वर्षांसाठी. डेहराडूनचं घर तिने उन्हाळ्यातच सोडलं." मग तिने उरलेलंही सांगून टाकलं. "संक्रांतीला तुझ्या आधी मी नाही म्हणाले. म्हणून गेली."

श्रीरंगने बोट वर केलं.

ती थांबली. कुकरची शिट्टी झाली तरी उठली नाही. दारात दूधवाला येऊन गेला. उजेड खिडकीतून सरकत कपाटावर आला, दगडांवरून गेला, विझला. बोट खाली आलं नव्हतं. गळपट्टीतून हूं की चूं नव्हतं. शेवटी तिने कोपऱ्यातल्या कळफलकाकडे हात लांबवला आणि दिवा न लावता ती चार अक्षरं टाइप केली.

सामाईक स्मृती : जोडलेले दोन. निरोपांची रांग : रिकामी.

किल्लीपाशी प्रतीक्षेत : एक.

किल्ली मोकळी करावी म्हणून तिने पाहिलं, ती कोणाच्या हातात आहे. तिच्या नव्हती. ती खुंटीवर होती, त्याला हवी तेव्हा उचलता येईल अशी. तरी तो दाराशीच उभा होता.

वैजयंतीने पडदा बंद केला आणि त्याच्यासमोर बसून राहिली. मांडीवर हातोडी होती. बोट अजून वर होतं.